रिआबाईंचा वाटा

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सहा माणसे मावतात, असे आतल्या पाटीवर कोरलेले आहे. रिआबाई आत असल्या की चारच मावत. याचे कारण त्यांचा देह नव्हे. तो तर काटकुळाच होता. त्या लिफ्टमध्ये शिरल्या की डाव्या कोपऱ्यात दाराकडे तोंड करून, डावा हात कमरेवर ठेवून उभ्या राहत आणि आपल्या उजवीकडे दोन माणसांची जागा मोकळी सोडत. त्या जागेत कोणी अजाणता पाऊल टाकले, तर त्या रागावत नसत. "तिथे थेआ असते," एवढेच सांगत. तो माणूस आणखी पलीकडे सरकला की म्हणत, "आणि तिथे हेनी." मग तो बिचारा मागच्या भिंतीला पाठ टेकवून, श्वास रोखून आपला मजला येण्याची वाट पाही.

नेदरलँड्समधल्या डीमन गावातल्या त्या इमारतीत आम्ही राहायला आलो ते माझ्या पत्नीच्या, वैशालीच्या, नोकरीमुळे. ती संगणकवाली; मी तिच्या व्हिसाला जोडलेला 'डिपेंडंट'. त्याआधी मी पुण्यातल्या एका शाळेत भूमिती शिकवत होतो आणि आता इथे मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. हे कळल्या दिवसापासून रिआबाई मला 'मेस्टर' म्हणू लागल्या. डच शाळांतली मुले पुरुष शिक्षकाला याच नावाने हाक मारतात. आमचे संभाषण माझ्या मोडक्या डचमध्ये आणि त्यांच्या गाण्यांतून शिकलेल्या इंग्रजीत चाले. येथे ते मराठीत देत आहे.

त्यांचे वय सत्तरीच्या पलीकडे असावे. पांढरे केस डोक्याभोवती प्रभावळीसारखे फुलवलेले, कानांत बांगडीएवढी वर्तुळे आणि पायांत गुडघ्यापर्यंत चढणारे चंदेरी बूट. कचऱ्याची पिशवी खाली न्यायची असली, तरी बुटांवाचून त्या दाराबाहेर पडत नसत. "प्रेक्षक कुठे भेटेल, सांगता येत नाही, मेस्टर," असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांची आणि आमची बैठकीची खोली, दोन्हींत एकच भिंत. आम्ही आलो त्याच आठवड्यात एका दुपारी भिंतीपलीकडून ड्रम आणि गिटार यांचा ठेका ऐकू आला. तो बराच वेळ नुसताच चालला. मग एक बाई "ऊऽऽ" अशी ओरडली. पुन्हा नुसता ठेका. पुन्हा "ऊऽऽ", आणि त्यापाठोपाठ घाईघाईने इंग्रजीत, "ही डिड! ही डिड! ओऽ, ही डिड!" म्हणजे, त्याने केले, त्याने केले. मग पुन्हा ठेका.

वैशाली घरूनच काम करत होती. तिने मीटिंगमधला स्वतःचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे पाहिले.

"सुहास, पलीकडे कोणीतरी पडलंय."

"मलाही तसंच वाटतंय."

"आणि कोणीतरी पाडलंय. ती सांगते आहे ना, त्यानेच केलं म्हणून! हाउसआर्ट्सना फोन लावू का?" हाउसआर्ट्स म्हणजे इथला आपल्या भागाचा, नेमून घेतलेला डॉक्टर.

"आधी मी बघून येतो," असे म्हणून मी गेलो आणि घंटी वाजवली. दार उघडले तेव्हा रिआबाई चंदेरी बुटांत, हातात मायक्रोफोन घेऊन उभ्या होत्या.

"तुमच्याकडे नीट ऐकू येत नाहीये का?" त्यांनी काळजीने विचारले. "आवाज वाढवू?"

"तुम्ही ठीक आहात ना, एवढंच विचारायला आलो."

त्यांनी प्रामाणिकपणे क्षणभर विचार केला. "दुसऱ्या कडव्यात यायला जरा उशीर होतो," त्या म्हणाल्या. "बाकी ठीक."

त्यांनी मला आत बोलावले, कॉफी केली आणि सफरचंदाचा केक काढला. केकचे त्यांनी तीन समान भाग केले, डावीकडचा स्वतःच्या ताटलीत घेतला आणि थांबल्या. मला कोणता द्यावा हा त्यांच्यापुढे खरोखरचा प्रश्न होता. शेवटी त्यांनी उजवीकडचा दिला. "हेनी गोड खायची नाही," हे कारण त्यांनी दिले. मधल्या तुकड्यावर झाकण ठेवले गेले. त्या दिवशी मला त्यांच्या एकल कारकिर्दीची हकीकत कळली.

आर्नहेमच्या एका वीज कंपनीत तीन तरुण मुली टंकलेखनाचे काम करत: थेआ, हेनी आणि रिआ. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक मेळाव्यात त्यांनी गाणे म्हटले, ते लोकांना आवडले आणि कोणाच्या तरी सूचनेवरून त्यांनी आपल्या चमूला 'थ्री टर्बाइन्स' असे नाव दिले. आधी त्या सोल गात. सोल म्हणजे काळजाला हात घालून विनवणी करण्याचा गायनप्रकार. पुढे डिस्कोचे दिवस आले तेव्हा त्याच विनवण्या त्या अधिक वेगाने करू लागल्या. तिघींची जागा ठरलेली: मध्ये थेआ, उजवीकडे हेनी, डावीकडे रिआ. गाण्याचे शब्द थेआ म्हणे. हेनीकडे टाळ्या आणि अगदी वरची किंकाळी. रिआबाईंकडे थेआच्या प्रत्येक ओळीला होकार देणे. शेवटच्या ट्रामविषयीचे त्यांचे एक गाणे त्या काळी पुष्कळ वाजले. त्यात त्या माणसाने काय काय केले ते थेआ सांगत असे आणि त्याने ते खरोखरच केले, अशी ग्वाही रिआबाई देत असत.

मग थेआचे लग्न एका दंतवैद्याशी ठरले आणि चमू मोडला. आपल्याकडे भाऊ वेगळे होताना भांडीकुंडी वाटून घेतात, तशी या तिघींनी रिआबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गाणी वाटून घेतली. जिने जे गायले ते तिचे. कोणी कोणाच्या वाट्याला हात लावायचा नाही, असा शब्द तिघींनी एकमेकींना दिला. हेनीने आपला वाटा पुढे कधी वापरलाच नाही; तिने कबुतरे पाळली, आणि काही वर्षांपूर्वी ती वारली. थेआने दोन-चार ठिकाणी एकटीने गाऊन पाहिले. तिचे ठीक झाले, कारण शब्द तिच्याकडे होते.

"निघताना ती दारात थांबली," रिआबाई म्हणाल्या, "आणि मला म्हणाली, 'तुझा भाग काढला तरी गाणं गाणंच राहतं, रिआ. माझा काढून बघ.'"

त्यांनी कॉफीचा घोट घेतला.

"मग मी काढून बघितला."

तीच ती एकल कारकीर्द. वाद्यांचा ठेका संपूर्ण वाजे, आणि त्यात रिआबाई फक्त आपला वाटा गात. थेआच्या ओळींच्या वेळी त्या तोंड मिटून, जुन्याच तालावर दोन पावले पुढे, दोन मागे करत. उजव्या हाताने मधल्या रिकाम्या जागेकडे प्रेक्षकांचे लक्ष वेधत, आणि आपली वेळ झाली की होकार देत.

मी शिक्षक. सोपा मार्ग दिसत असताना गप्प बसणे मला जमत नाही. "तुम्ही संपूर्ण गाणं का म्हणत नाही?" मी विचारले. "आता कोण अडवणार आहे?"

"ते माझं नाही."

"पण कोणाला कळणार?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मेस्टर, परीक्षेच्या वेळी तुम्ही मुलांना असंच सांगता?"

मी ताटलीतला केक संपवला.

भूमितीत प्रमेय मांडण्याची आपली जुनी पद्धत वाचकांना आठवत असेल: पक्ष, साध्य आणि सिद्धता. दिलेले काय, दाखवायचे काय आणि ते कसे दाखवले. रिआबाईंचा पक्ष होता एक होकार. साध्य होते की, तेवढेसुद्धा गाणेच असते. सिद्धता त्या निम्म्याहून अधिक आयुष्य लिहीत आल्या होत्या, आणि ती तपासण्याचा अधिकार त्यांनी एकाच परीक्षकाला दिला होता. प्रत्येक कार्यक्रमाचे निमंत्रण थेआला जाई. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तिच्यासाठी राखलेली असे. थेआ रायस्वाइकला राहत होती, म्हणजे आगगाडीने तासाभराच्या आतबाहेर. ती कधीही आली नव्हती.

"एकदा येऊन तिनं म्हणावं, की हे गाणं नाही," रिआबाई म्हणत. "चालेल मला. पण आधी ऐकावं. न ऐकता म्हणायचं नाही."

कार्यक्रम मिळत ते फर्निचरच्या दुकानांच्या उद्घाटनांना, रोपवाटिकांच्या वसंत-विक्रीला आणि वृद्धाश्रमांत. अशाच एका वृद्धाश्रमात त्यांचा स्पीकर उचलून नेण्याच्या निमित्ताने मी गेलो होतो. श्रोते चाकांच्या खुर्च्यांत बसलेले, प्रत्येकाच्या हाती कॉफी आणि एकच बिस्कीट. गाणे सुरू झाले. ठेका वाजत राहिला. रिआबाई दोन पावले पुढे आल्या, दोन मागे गेल्या, मधल्या हवेकडे हात केला. पहिला "ऊऽऽ" येईपर्यंत दोघांना झोप लागली होती. एक सद्गृहस्थ मात्र टक लावून पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी शाळेतल्यासारखे बोट वर केले.

"मॅडम, यंत्र बिघडलं आहे का?"

"नाही," रिआबाई गाणे न थांबवता म्हणाल्या. थांबवण्याजोगे त्या क्षणी त्यांच्याकडे काही नव्हतेच. "इथे थेआ गाते."

गृहस्थांनी मधल्या जागेकडे बारकाईने पाहिले. "छान गाते," ते म्हणाले.

परतताना ट्राममध्ये रिआबाई फार आनंदात होत्या. "पाहिलंत? त्यांना तीसुद्धा ऐकू आली," त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. एका गावच्या साप्ताहिकात कोणा समीक्षकाने त्यांच्या गायनाला 'संयत' म्हटले होते. तो कागदाचा कपटा चौकटीत घालून त्यांनी दाराजवळ टांगला होता, भिंतीच्या अर्थातच डाव्या बाजूला.

वैशालीशी त्यांचे विशेष जमले. इथल्या मराठी मंडळातल्या बायका त्यांना रिआताई म्हणू लागल्या होत्या, आणि 'रिया' हे नाव आपल्याकडेही असते हे समजल्यावर त्यांनी सर्वांना ताबडतोब नातेवाईक मानून टाकले. आमची मुलगी इरा त्यांच्याकडे नाच शिकायला जाऊ लागली. याचा परिणाम आम्हाला शाळेच्या स्नेहसंमेलनात दिसला. सगळी मुले एका ओळीत नाचत होती. इरा डाव्या टोकाला, दोन मुलांची जागा सोडून, एका हाताने हवेकडे निर्देश करत होती. नंतर तिच्या वर्गशिक्षिकेने आम्हाला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"त्या जागेत कोण आहे?" वैशालीने वाटेत इराला विचारले.

इराने नेहमीप्रमाणे डचमध्ये उत्तर दिले, "थेआ." मग दया येऊन तिने मराठीत जोडले, "आई, तुला नाही कळणार."

आता त्या गणेशोत्सवाविषयी.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा गणपती वस्तीच्या सभागृहात बसतो. त्या वर्षी सभागृहाच्या व्यवस्थापकांनी एकाच शनिवारची दुपार मंडळालाही दिली आणि रिआबाईंच्या वार्षिक एकल कार्यक्रमालाही. मंडळाच्या अध्यक्ष अनुजा देवधर. बँकेच्या प्रणाली बदलण्याचे काम करणाऱ्या, त्यामुळे कोणत्याही संकटात आधी कार्यक्रमाची रूपरेषा तपासणाऱ्या. त्यांचा मला फोन आला.

"सर, त्या तुमच्या शेजारीण. त्यांना आपल्याच कार्यक्रमात पंधरा मिनिटं दिली तर चालेल का? आरती झाली की महाप्रसादाच्या आधी."

"चालेल असं वाटतं."

"त्यांचं नक्की काय असतं?"

"गाणं."

"पूर्ण?"

"एक तृतीयांश."

"बरं," अनुजाताई म्हणाल्या. "मी पंधरा मिनिटंच धरते. त्यांचा एक फोटो पाठवा, पत्रिकेत टाकायला."

रिआबाईंकडे स्वतःचा एकटीचा फोटो नव्हता. होता तो तिघींचा. त्यात पाहणाऱ्याची नजर साहजिकच मधल्या थेआकडे जाई, म्हणून त्यांनी आपल्या डोक्यावर लाल शाईने एक बाण काढून ठेवला होता. तोच फोटो, बाणासकट, गणपतीच्या डाव्या हाताला पत्रिकेवर छापला गेला आणि व्हॉट्सॲपवरून सगळ्या नेदरलँड्समधल्या मराठी घरांत पोहोचला. रायस्वाइकमध्ये भारतीय कुटुंबे पुष्कळ. तिथल्या एका मराठी गृहिणीने तो फोटो पाहिला, मोठा करून पुन्हा पाहिला आणि शेजारच्या डच आजींचे दार वाजवले. "या मधल्या तुम्ही ना?" हे आम्हाला नंतर कळले.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिले संकट सभागृहाच्या दारातच उभे राहिले. आत गणपती, तेव्हा पादत्राणे बाहेर. रिआबाई आपल्या चंदेरी बुटांकडे पाहत राहिल्या.

"मेस्टर, बुटांशिवाय मी कधी गायलेच नाही."

"हवं तर मी अनुजाताईंना विचारतो. कडेला उभं राहून—"

"नाही." त्या बाकावर बसल्या. "तुमच्या देवाचं घर आहे. बूट काढायचे असतात तर काढायचे." बूट उतरले तेव्हा त्या अंदाजापेक्षा बऱ्याच बुटक्या निघाल्या. आत जाड लोकरीचे मोजे होते, त्यांवर गायी विणलेल्या.

आरती झाली. ती इथेही आपल्याकडच्यासारखीच होते: शब्द थोड्यांना पाठ असतात, पण ओळीचे शेवटचे अक्षर सगळे मिळून लांबवर ओढतात. पुढच्या सतरंजीवर मुलांकडे उन्हाळ्यापुरते आलेले आईवडील बसले होते. त्यांच्यात अनुजाताईंचे सासरे नाना होते. साताऱ्याजवळच्या आपल्या गावात ते भजनी मंडळ चालवत. येताना सामानात त्यांनी स्वतःच्या झांजा आणल्या होत्या आणि आल्यापासून त्या वाजवायला मिळण्याची ते वाट पाहत होते. आरतीने त्यांचे पोट भरलेले नव्हते.

रिआबाई पुढे आल्या आणि गणपतीच्या मखराच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. समोर, त्यांच्या आग्रहावरून, एक खुर्ची रिकामी ठेवली होती. बाकी सगळे खाली. ठेका सुरू झाला आणि त्याच वेळी मागचे दार उघडले. एक उंच, ताठ म्हातारी आत आली. कोणी सांगण्याआधीच तिने दाराशी बूट काढले आणि बरोबरच्या मराठी बाईंच्या मागोमाग सरळ येऊन त्या खुर्चीवर बसली.

रिआबाईंनी तिला पाहिले. त्यांचा डावा हात कमरेवरून घसरला. मला वाटले, आता त्या गाणार नाहीत. पण वेळ झाली आणि होकार आला.

"ऊऽऽ... ही डिड! ही डिड! ओऽ, ही डिड!"

मग त्या नेहमीप्रमाणे थांबल्या. दोन पावले मागे सरकल्या आणि उजवा हात मोकळ्या जागेकडे केला. हात गेला तो नेमका पुढच्या सतरंजीच्या दिशेने. ठेका वाजत होता. थेआबाई मांडीवर हात ठेवून निर्विकार बसल्या होत्या.

येथे वाचकांनी भजनाची रीत लक्षात घ्यावी. पुढचा बुवा एक ओळ म्हणतो आणि थांबतो. मागचे सगळे तीच ओळ परत म्हणतात. ते म्हणेपर्यंत बुवा पुढे जात नाही. नानांनी साठ वर्षे हेच केले होते. समोरच्या बाईंनी ओळ टाकली, मागे सरकल्या आणि आपल्याकडे हात केला, याचा त्यांच्या दृष्टीने एकच अर्थ होता. ते अस्वस्थ होऊन मागे वळले.

"अहो, बाई थांबल्यात. म्हणा की!"

"काय म्हणायचं, नाना?" कोणी तरी विचारले.

"त्यांनी काय म्हटलं तेच! काय म्हणाल्या त्या?"

"ही डिड."

"मग म्हणा!" आणि नानांनी झांजा वाजवल्या.

आधी पुढच्या सतरंजीने म्हटले. "ही डिड, ही डिड, ओऽ ही डिड." मग मागच्यांनी. टाळ्या सुरू झाल्या. शेवटचे 'डिड' आरतीच्या सवयीने सगळ्यांनी मिळून लांबवर ओढले. इरा मुलांच्या घोळक्यात उभी राहून हवेकडे हात करत होती आणि बाकीची मुले तिचे पाहून तसेच करत होती.

रिआबाई स्तब्ध झाल्या. त्यांच्या सबंध आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या मागे म्हटले होते. त्यांच्या मागे कोणी काही म्हटले नव्हते. पुढची ओळ आली. या वेळी त्यांनी ती सावकाश, तपासून पाहिल्यासारखी म्हटली. "ऊऽऽ." सगळ्या सभागृहाने "ऊऽऽ" केले. त्यांनी जरा वर चढवून पाहिली. सभागृह वर चढले. मग त्या गायींच्या मोज्यांवर एक पाऊल उजवीकडे सरकल्या. मग आणखी एक. बहुधा त्यांच्या ध्यानातही आले नसावे, पण त्या मखराच्या बरोबर मधोमध येऊन उभ्या होत्या.

"काय केलं हो त्यानं?" नानांनी झांजांच्या गजरातून मला विचारले.

"ते त्या खुर्चीवरच्या बाईंकडे आहे," मी म्हणालो.

नानांनी वळून थेआबाईंकडे आदराने पाहिले. ही बातमी सतरंजीवरून मागे पसरत गेली. दुसरे कडवे सुरू झाले, आणि थेआबाई उभ्या राहिल्या. त्यांनी मान ताठ केली, दीर्घ श्वास घेतला. टाळ्या आपोआप हलक्या झाल्या, झांजा थांबल्या. त्या माणसाने काय केले हे आता कळणार, या अपेक्षेने साऱ्यांनी माना वळवल्या. रिआबाईंनी डोळे मिटून घेतले. वाटणीत आपल्याकडे आलेले गाण्याचा हक्क थेआबाईंना होता. त्यांनी ती ओळ म्हटली असती, तर रिआबाई पुन्हा डाव्या बाजूला गेल्या असत्या.

थेआबाईंची ओळ आली आणि निघून गेली. त्या नुसत्या उभ्या होत्या. मग रिआबाईंची ओळ आली. किंचित उशिरा, पण आली. "ही डिड!" आणि थेआबाईंनी तोंड उघडून, सतरंजीवरच्या सगळ्यांबरोबर, त्यांच्या मागोमाग म्हटले, "ही डिड, ही डिड, ओऽ ही डिड."

गाणे पंधरा मिनिटांत संपले नाही. नाना संपू देत नव्हते; त्यांच्या हिशेबी भजन रंगात येते तेव्हा ते आवरायचे नसते. शेवटी अनुजाताईंनी पुऱ्या गार होत असल्याचे जाहीर केले.

पंगतीत दोघी शेजारी बसल्या नाहीत. मध्ये एक जागा मोकळी होती. थेआबाईंनी मोदक सराईतपणे फोडून त्यावर तूप घेतले. "शेजारीण देते," त्यांनी मला सांगितले. मग रिआबाईंना राहवेना.

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग काय?"

"ऐकलंस ना?"

थेआबाईंनी मोदक संपवला, बोटे पुसली.

"दुसऱ्या कडव्यात तू उशिरा आलीस," त्या म्हणाल्या. "पूर्वीही यायचीस."

मला वाटले, हे फार कठोर झाले. रिआबाईंकडे पाहिले तर त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. उशीर झाला हे ज्याने ऐकले, त्याने बाकीचे सगळे ऐकलेले असते. परीक्षकाने चूक दाखवली म्हणजे उत्तरपत्रिका वाचलेली असते, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगावे लागत नाही. त्यांनी माझ्याकडे वळून विजयाने मान हलवली. "सांगितलं होतं ना मी तुम्हाला? दुसऱ्या कडव्यात."

"त्या झांजवाल्या गृहस्थांना विचार," थेआबाई नानांकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तेही हेच सांगतील."

नानांना भाषा कळली नाही, पण आपल्याकडे बोट झाले हे कळले. "फर्स्ट क्लास!" ते म्हणाले. "पुढच्या वर्षी गावाला या. दोघी या. पण त्यानं काय केलं ते तेवढं सांगून जा."

थेआबाईंनी ते सांगितले नाही. वाटा त्यांचा होता.

त्या हिवाळ्यात रिआबाईंनी डीमन सोडले. रायस्वाइकला थेआबाईंच्या इमारतीत एक घर रिकामे झाले होते. जाताना त्यांनी इराला लाल बाणाचा फोटो दिला आणि आम्हाला सफरचंदाचा केक, या वेळी पूर्ण. आमच्या लिफ्टमध्ये आता पाटीवर लिहिल्याप्रमाणे सहा माणसे मावतात. डाव्या कोपऱ्यात मात्र अजूनही कोणी चटकन जाऊन उभे राहत नाही.

मध्यंतरी एका शिकवणीच्या कामाने मी रायस्वाइकला गेलो होतो. ट्राम सिग्नलपाशी थांबली होती. खिडकीतून पलीकडच्या पदपथावर चंदेरी बूट चमकताना दिसले. रिआबाई सावकाश चालल्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताला थेआबाई, छत्रीचा काठीसारखा आधार घेऊन. रिआबाई काही तरी सांगत होत्या आणि थेआबाई मान डोलावत होत्या. उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी होती, आणि ती राखण्यासाठी दोघी इतक्या डावीकडे सरकल्या होत्या की, थेआबाई सायकलींच्या वाटेवर आल्या होत्या. मागून आलेला एक सायकलस्वार घंटी वाजवू लागला. उजवीकडे सरका, अशी त्याने हाताने खूणही केली. रिआबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिले आणि मोकळ्या जागेकडे हात केला. त्या काय म्हणाल्या ते काचेतून ऐकू आले नाही. सायकलस्वाराने त्या जागेकडे पाहिले, सायकलवरून खाली उतरला आणि त्यांच्या मागून हळूहळू चालू लागला.